भरती बंद आहे

आमच्या गेटवर पत्र्याची पाटी आहे,
सहा वर्षं झाली, कोणी काढली नाही :
भरती बंद आहे.
खाली कोणीतरी खिळ्याने कोरलंय, काऊन बे?

आत आम्ही कड्या घासतो.
पंजाएवढी कडी, काळी, काचेहून कडक.
एकीवर एक बसली की मधून पाणी जाऊ नये.
कोणतं पाणी, ते ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं :
उमरेडच्या खाणीतलं, बुटीबोरीच्या रंगाच्या कारखान्यातलं,
ज्याला पाणी म्हणायचं ते.
या वेळी लिहून आलं : समुद्र.
आणि पुढे, लाल शाईत : प्रवाह दोन्ही दिशांनी.

लांजेवारांनी चष्मा वर केला.
बेचाळीस वर्षं या माणसाने
एकाच दिशेने फिरणाऱ्या गोष्टी गोल केल्यात.
"म्हणजे येते बी आन् जाते बी?"
"दोनदा येते, दोनदा जाते," अनघा निमजे म्हणाली,
"आणि पंखा तळाशी. वर काढायला बोट लागते,
बोटीला हवामान लागते."
म्हणजे एकदा बसवली की पाच वर्षं
कडीने आपलं आपण बघायचं.

मग हिंगण्यात आम्ही समुद्र आणला.
मागच्या शेडमध्ये फायबरची पेटी,
पंच्याण्णव भाग पाणी, पाच भाग मीठ,
हजार तास फवारा.
आत टांगलेलं कडीचं स्टीलचं घर, स्प्रिंग, चार स्क्रू.
पेटी पस्तीस अंशांवर ठेवायची असते.
मे महिना, बाहेर सेहेचाळीस.
समुद्राला कूलर दिला,
आम्ही ओले दुपट्टे बांधून उभे.
वीज गेली की समुद्र थांबायचा.
यशोधरा मेश्राम रजिस्टरमध्ये लिहायची :
समुद्र बंद, तीन दहा ते चार पंचवीस.

वीज येते कोराडीहून, कोळशाची.
आमचं घासायचं चाक तिच्यावरच फिरतं.
हे कोणी बोललं नाही.
चहा आला.

आठ महिन्यांनी एक कडी परत आली,
गोणपाटात गुंडाळून, खोक्यावर नुसतं खाडीचं नाव.
जाताना धरली होती. येताना गळली.
घरावर एक शिंपला, तांदळाच्या दाण्याएवढा,
चुन्यासारखा पक्का.
लांजेवारांनी वास घेतला,
मग परत घेतला.
"आपल्या पेटीत हे नव्हतं," म्हणाले,
आणि बरण्यांच्या मागून नवी पेस्ट काढली.

पिवळ्या दिव्याखाली काचेतून पट्टे मोजायचे असतात.
पट्टा वाकला, तर कडी वाकली.
नऊ वेळा वाकला.
दहाव्यांदा मी बोललो नाही, त्यांनीही विचारलं नाही.

त्याच रात्रपाळीत अनघाने सांगितलं,
चंद्र नुसतं पाणी नाही ओढत.
जमीनही ओढतो. ही फरशी, हे मशीन,
अंबाझरीचा बांध, सगळं
वीतभर वर, वीतभर खाली, दिवसातून दोनदा.

लांजेवार थांबले.
केसाचा सत्तरावा भाग ज्याच्या बोटाला कळतो
त्याला वीत कळली नाही, इतकी वर्षं.
"मंग गेजवर काऊन नाही दिसत?"
"गेज बी चढून राहिला ना काका."

तरी त्यांनी ग्रॅनाइटच्या टेबलावर डायल लावला,
काटा शून्यावर आणला,
आणि स्टुलावर बसून राहिले, हात मांड्यांवर,
जसं कोणी आजाऱ्याजवळ बसतं.
दोन वाजले. साडेतीन.
काटा हलला नाही.
त्यांचा एक पाय मात्र
फरशीवर सपाट, चप्पल काढून ठेवलेला.

सकाळी गेटवर एक पोरगा उभा होता,
आयटीआयचं सर्टिफिकेट प्लास्टिकमध्ये.
पाटी वाचूनही विचारत होता, भरती आहे का काका.
लांजेवारांनी सायकल थांबवली.
पाटीकडे पाहिलं, खालच्या खरवडीकडे पाहिलं.
"दुपारी ये," म्हणाले.